बांधापलीकडचे तुरे

देवदत्त रसाळांनी साताऱ्यात बसून सांगलीच्या मधुअण्णांसाठी वीस वर्षं पुस्तकांची मुखपृष्ठं रंगवली होती आणि त्यातली निम्मीअधिक पुस्तकं वाचलीही होती. जलरंग सोडून दुसऱ्या कशाला त्यांनी हात लावला नव्हता. त्यामुळे सत्त्याण्णव साली मधुअण्णांनी प्रकाशनाच्या कचेरीत कॉम्प्युटर आणून त्याला हार घातला, तेव्हा देवदत्तांना तो आपल्याच फोटोला घातल्यासारखा वाटला.

"ह्यापुढं मुखपृष्ठं आमची मयूरी ह्याच्यावर करील," अण्णा सुनेकडे बोट दाखवत म्हणाले. "तुमचं हे सुभेदारांना पसंत पडलं तर पुढचं बघू. नाही तर हे शेवटचं."

'हे' म्हणजे पलूसच्या निवृत्त सुभेदार हंबीररावांच्या आत्मचरित्राचं मुखपृष्ठ. आत्मचरित्रात सरहद्दीला सहा पानं होती, उसाला दोनशे. म्हणून देवदत्तांनी उसाचा फड काढला होता आणि त्यावर डुलणारे पांढरेशुभ्र तुरे. तुऱ्यांना त्यांनी रंग लावलाच नव्हता. तेवढा कागद कोरा राखून भोवतीनं आभाळ ओढलं होतं. ती त्यांची खास करामत.

हंबीररावांनी चित्र हातभर लांब धरलं. मग नाकाजवळ आणलं.

"पेंटर, आमी तुमचं काय वाकडं केलंय?"

"का हो सुभेदार?"

"आवं, तुरं आल्यात उसाला! तुरा आला म्हंजे येळंवर तोड मिळाली न्हाई, वजन घटलं. माझा ऊस दरसाल पयला कारखान्याला जातो. ह्ये बघून लोक म्हणतील, सुभेदाराला कारखान्यात कुत्रं इचारत न्हाई."

देवदत्तांनी उसाचे तुरे आयुष्यभर एसटीच्या खिडकीतून पाहिले होते. खिडकीतून ते फार देखणे दिसतात.

"रंग मारून टाका की वरनं," अण्णा म्हणाले.

"आता तिथं निळा भरला तर कडा उठतील. आभाळाला गजकर्ण झाल्यासारखं दिसेल."

"काका, मी स्कॅन करून पुसू?" मयूरीनं विचारलं. तिचा आवाज इतका गोड होता, की देवदत्तांना रागावताही येईना.

तिनं तुरे पुसले. मग कोपऱ्यातला बिनतुऱ्याचा एक ऊस उचलला आणि त्याच्या चाळीस नकला काढून फड भरून टाकला. दहा मिनिटांत!

हंबीरराव पडद्यावर वाकले. "आरं द्येवा. आता तांबेरा पाडला!"

त्या एका उसाच्या पानावर देवदत्तांच्या कुंचल्यातून कधी तरी तांबूस थेंब पडला होता. आता चाळीस उसांवर, चाळीस पानांवर, एकाच जागी तो रोग दिसत होता.

"तुरा परवडला," सुभेदार म्हणाले. "तुमी दोगं माझं रान बुडवायला बसलाय जनू."

"राहू द्या ते. सुभेदारांचा फोटोच छापू," अण्णांनी तोड काढली.

"दोन दिवस द्या," देवदत्त म्हणाले आणि मयूरीच्या खुर्चीत जाऊन बसले. माउस त्यांनी कुंचल्यासारखा तीन बोटांत उचलला.

"काका, तो टेबलावर टेकवायचा."

दोन दिवस ती शेजारी बसून होती. देवदत्तांनी एकेक थेंब पुसला, कुठे पान वाकवलं, कुठे फाडलं, कुठला ऊस बुटका केला. मधूनच सवयीनं माउस धुवायला पाण्याची वाटी शोधत होते.

"सारखे चालतील की, काका. कोण बघतंय?"

"सुभेदार बघतोय. त्याला विचार."

तिसऱ्या दिवशी सुभेदारांनी चष्मा पुसून सगळा फड पायी हिंडल्यासारखा पाहिला. "व्हय. ह्यो माझा ऊस." मग भिंतीला टेकवलेल्या जुन्या चित्राकडे त्यांची नजर गेली. "तुरं लय देखणं हुतं पन."

"मग?"

"घाला की परत. बांधाच्या पल्याड. तितं अर्जुनाचं रान हाय."

मयूरीनं कोऱ्या कागदाचे ते तुरे जुन्या चित्रातून उचलून अलगद अर्जुनाच्या रानात लावले.

प्रकाशनाला पलूसचं निम्मं गाव आलं होतं. पहिल्या रांगेत अर्जुना बसला होता आणि भाषणं संपेपर्यंत त्यानं मुखपृष्ठावरची नजर हलवली नाही. कार्यक्रम संपताच तो तडक देवदत्तांकडे निघाला. देवदत्तांनी मागचं दार कुठे आहे ते पाहून ठेवलं.

"पेंटर, तुरं तुमीच काढल्यात?"

"हो... म्हणजे..."

"म्या बी पुस्तक लिवाय घेतलंय. आत्ताच अण्णास्नी सांगितलं, चित्र ह्योच पेंटर काढंल, न्हाई तर पुस्तक मिरजंला दीन." अर्जुनानं आवाज उतरवला. "बांधाच्या पल्याड हंबीररावाचा ऊस येऊ द्या. त्याच्यावर जरा तांबेरा पाडता यील न्हवं?"

देवदत्तांनी मयूरीकडे पाहिलं.

"तयार आहे, काका," ती म्हणाली. "तुम्ही पुसायच्या आधीचा तो फड मी जपलाय. वेगळा ठेवलाय."