पाखरांसाठी तिखट

विद्यानगरात मालनबाईंनी परसातल्या जांभळीला दाण्यांचं भांडं टांगलं, पण पाखरांच्या आधी मेल्या खारीच ते फस्त करायच्या. भिंतीपलीकडे त्रिवेणीवहिनींकडे मात्र रोज पोपट! मालनबाईंचा नुसता जळफळाट व्हायचा.

पाखरांना तिखट झोंबत नाही, खारींना झोंबतं, असं कळताच त्यांनी गुंटूरचं मूठभर तिखट दाण्यांना चोळलं. आठवड्याभरात खारी भिंत ओलांडून वहिनींकडे पळाल्या आणि इकडे पोपट, बुलबुल, साळुंक्यांची झुंबड उडाली.

"आता बसा म्हणावं परेशान होत!" असं पुटपुटत एका रविवारी मालनबाईंनी परसात दोन खुर्च्या मांडल्या आणि नातीला, रेवाला हाक मारली. नात काही येईना. शेवटी त्या भिंतीवरून डोकावल्या, तर रेवा वहिनींच्या पायरीवर बसलेली. तिच्या तळहातावर शेंगदाणे होते आणि एक खार ते खुशाल खात होती.

"आजी, ओरडू नको ना, पळेल ती," रेवा कुजबुजली. "त्रिवेणीआजीनं शिकवलं मला."

मालनबाईंनी भांडं उतरवलं, नळाखाली धरलं आणि दाण्यांचं तिखट चोळून चोळून धुवायला घेतलं. हातांची नुसती आग होत होती. डोक्यावर पोपट कलकलत होते. त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही.