तेराव्या महिन्याचे पाच दिवस

“आजी, तुम्ही तीन दिवस उशिरा आलात,” कोर्टातल्या माझ्या शेजारच्या खिडकीतून कारकून हिरुत म्हणाली. “अपिलाचे साठ दिवस तिक्मत महिन्याच्या पाचलाच संपले. आज आठ.”

“अगं पोरी, दहापर्यंत वेळ आहे! मी उलट दोन दिवस आधी आलेय,” असेगेदेचबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

दहा तारीख मीच सांगितली होती. नेहासे या बाराव्या महिन्याच्या दहाला खालच्या कोर्टाने त्यांच्या दोन खोल्या पुतण्याला दिल्या आणि त्या रडत माझ्या खिडकीशी आल्या. त्याच खोल्यांत त्या आंबवलेल्या पिठाचा इंजेरा भाजून विकायच्या. आमच्या देशाच्या पंचांगातले बारा महिने तीस-तीस दिवसांचे, म्हणून वरच्या कोर्टात अपिलाचे साठ दिवस म्हणजे सरळ दोन महिने, हे मी एकवीस वर्षं घडाघडा सांगत आलो. पण नेहासे संपला की नव्या वर्षाआधी पगुमे येतो, पाच दिवसांचा तेरावा महिना. त्याचा वेगळा पगारही कुणी देत नाही. माझ्या डोक्यातून तो साफ निसटला.

उशीर माफ व्हावा म्हणून अर्ज मीच लिहून दिला. कारणाची जागा मात्र कोरी ठेवली. लाज वाटली, तरी कोरीच ठेवली.

तिक्मतच्या पंधराला सुनावणी झाली. मी न्यायाधीशबाईंच्या आसनाखालच्या टेबलाशी फाइली घेऊन बसलो होतो.

“आई, उशिराचं कारण लिहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “चुकीची तारीख कुणी सांगितली का? कोर्टातल्याच माणसाने सांगितली असेल तर बोला. मग मला अपील घेता येईल.”

मी फाइलींत मान घातली. दोनच शब्द म्हणायचे होते, ‘मी सांगितली.’ नोकरी जाणार नव्हती, फार तर कागदावर एक ताशेरा आला असता. पण सगळं कोर्ट मला ‘चालतं कॅलेंडर’ म्हणायचं, आणि हिरुत समोरच उभी होती.

असेगेदेचबाईंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

“कुणी नाही हो. माझंच डोकं म्हातारं झालंय.”

अपील फेटाळलं गेलं. खोल्या सोडायला तीस दिवस मिळाले.

मी त्यांच्यामागे पायऱ्यांपर्यंत धावलो. “आई, मला...”

“असू दे, अस्रात. तुला लेकरंबाळं आहेत. नोकरी गेली असती म्हणजे?”

नोकरी जाणार नव्हती, हे मी तेव्हाही सांगितलं नाही. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “पुढच्या महिन्यात, हिदारच्या पंधरापर्यंत राहता येईल तुम्हाला.”

“बरं,” त्या म्हणाल्या. पांढरा पदर डोक्यावर घेऊन त्या सावकाश फाटकापाशी गेल्या आणि पहारेकऱ्यासमोर थांबल्या.

“भाऊ, आजपासून तीस दिवस कधी होतात रे? नीट मोजून सांग.”

तो बोटांवर मोजू लागला.