रमलेलीचा धवला

मिठाचा खडा जिभेवर ठेवला, तरी तो लगेच विरघळेना... जाड, राखाडी, एका कडेला मिठागराच्या चिखलाची रेघ असलेला. गिरजामावशीनं मडक्यातून काढला, पदराला पुसला आणि पुतळीच्या तळव्यावर ठेवला, जसा ती गाणं शिकवण्याआधी वर्षानुवर्षं ठेवत आली — आधी खडा, मग गळा. पुतळीनं डोळे मिटले. इतकं खारट असतं मीठ? का दोन वर्षांत जीभच विसरली... आणि नको असताना ते दुसरं पाणी आठवलं, पोलंडमधलं, नवऱ्याच्या, कमळाकरच्या जहाज-यार्डाच्या पलीकडचं, पावसाळी आभाळाच्या रंगाचं. तिथं गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं त्या पाण्याची चूळ भरली होती आणि थुंकून म्हणाली होती, अहो, ह्या समुद्राला मीठच नाय. कमळाकर कितीतरी वेळ हसत होता. मिठागरवाल्याची पोर, समुद्राकाठी जाऊन दुसरं काय बघणार?

"गिळ आता," मावशी म्हणाली. "चघळीत बसलीस तं रात व्हईल."

बाहेर मांडव पडला होता. उद्या भूमिकाची, दिराच्या पोरीची, हळद. ह्या खाडीकाठच्या गावात धवलारणीच्या तोंडून धवले, लग्नाची ती गाणी, आल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. आणि धवलारीण म्हणजे गिरजामावशी, पुतळीच्या सासूची धाकटी बहीण, मूलबाळ नसलेली, अख्ख्या गावाच्या लेकींना सासरी लावणारी. मावशीनं पुतळीला लग्न होऊन आल्याबरोबर हेरलं होतं. मांडव घालण्याचा धवला, पाणी भरण्याचा, चौक मांडण्याचा, हळदीचा... एकेक करून सगळे दिले. एक तेवढा ठेवला. मुलगी वाटेला लावायचा धवला शिकवणारीनं आपण थकल्यावरच द्यायचा, आणि दिला की पुन्हा मांडवात गायला बसायचं नाही, अशी मावशीच्या सासूची रीत. तो आज द्यायचा होता. म्हणूनच निरोप गेला होता पार पोलंडपर्यंत — भूमिकाच्या हळदीला ये, मी आता थकले.

आणि आठ दिवसांनी परतीचं विमान होतं. तेही मावशीला ठाऊक होतं. तिला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की पुतळीला ते विमान कधी एकदा येतं असं झालं होतं.

सकाळी मांडवात तांदूळ निवडताना बायकांनी तिला मधे बसवून घेतलं होतं. कशी गो दिवस काढतस त्या बर्फात? अंग फुटत असंल. बोलायला मानूस नाय, मासली नाय. एकीनं तर तिच्या पाठीवरून हात फिरवला. नवऱ्यामागं फरफट बायकांचीच, म्हणाली. पुतळी खाली बघून खडे वेचत राहिली. काय करणार, म्हणाली. दोनच शब्द, पण किती सराईतपणे आले... मुलीच्या जातीला ‘काय करणार’ हे शिकवावं लागत नाही. ते तोंडात येतंच, दातांबरोबर.

खरं असं होतं, की मार्चमध्ये करार संपला तेव्हा कमळाकरनं कपाटावरच्या बॅगा खाली काढल्या होत्या, आणि त्या पुन्हा वर ठेवल्या होत्या तिनं. स्टुलावर चढून. राहू या की अजून, म्हणाली. तो बघतच राहिला. मुलाच्या, साहिलच्या शाळेचं कारण तिनं मागाहून शोधलं. मग घरी फोनवर कमळाकरनंच सांगितलं — कंपनी सोडत नाय. तेव्हापासून गावाचा राग त्याच्यावर आणि गावाची माया हिच्यावर, आणि तो बापडा एका शब्दानं बोलला नाही कधी.

काय आवडलं तुला तिथं, असं कुणी विचारलं तर सांगता येईल का? मासे भरायच्या शेडमध्ये आठ तास उभं राहणं? ते तर इथंही चुकलं नसतं. पण शेडमधून सुटल्यावर सायकल — ह्या वयात शिकले मी, दोनदा कुंपणात पडले — आणि सायकलवर आपण कुणाची सून नसतो, वारा कानाला लागतो नि आपण नुसत्या जात असतो... आणि रविवारी शेडमधल्या हालिनाबरोबर त्या बिनमिठाच्या समुद्रात उतरणं, भर थंडीत, डोक्याला लोकरीची टोपी नि अंगात तो तसला पोशाख, तो इथं कुणी पाहिला तर मावशी सात दिवस जेवायची नाही. चार-पाच बायका, सगळ्या पन्नाशीच्या आसपासच्या, हात धरून किंचाळत जातात आणि गळाभर पाण्यात एकदम गप्प होतात. खाडीत तर ती जन्मभर उतरली होती. निवट्या-चिंबोऱ्या पकडायला, बांध फुटला म्हणून. नुसतं उतरायचं म्हणून कधी नाही. त्या गार पाण्यात तिला पहिल्यांदा आपलं हृदय ऐकू आलं होतं, आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं होतं, हे आपण कुणाचं तरी चोरून आणलंय.

कुणाचं, ते आज दुपारी कळलं.

पापड वाळत घालताना प्रणिता शेजारी येऊन बसली होती. ही शेजारच्या घरची नवी सून, रोह्याकडच्या खांब गावची. तिच्या माहेरी वालाची शेती, खाडी तिनं लग्नातच पहिल्यांदा पाहिली. हात पापडावर आणि ओठांत धवला, हळदीचा, अगदी मावशीच्या चालीवर, मधली ती मुरकीसुद्धा. पुतळी दचकली. कुठं शिकलीस? भिंतीपलीकडून, प्रणिता हसून म्हणाली. मावशी एकटीच म्हणत बसतात ना संध्याकाळी. मीच म्हणाले त्यांना, मला शिकवा. तर म्हणतात कशा, आमची पुतळी हाय. ती यायची हाय. एका चुलीला दोन तवे कशाला?

प्रणिताला त्यात काहीच लागलं नव्हतं. ती पापड उलटत गुणगुणत राहिली. पुतळीच्या मात्र हातातला पापड दुमडला. ती यायची हाय... दोन वर्षं एक बाई रोज संध्याकाळी एकटी गात बसली, विसरू नये म्हणून, देता यावं म्हणून. आणि दारात आलेल्या गळ्याला तिनं परत पाठवलं. मी बॅगा वर ठेवल्या त्या संध्याकाळीही ती गातच असेल.

"हां. म्हण माझ्यामागं," मावशी आता म्हणाली. आवाज फाटला होता, पण चाल तशीच, पायरीपायरीनं पाण्यात उतरणारी.

खाडीचं गो पानी भरतीला आलं,
मायेचं गो पाखरू परघरी गेलं...

पुतळीनं म्हटलं. गळा उघडला होता, आवाज लागला, मावशीची मान हळूहळू डोलू लागली. दुसरी ओळ, तिसरी. परघरी पाखराला दाणा गोड लागत नाही, परघरी पाखराला झोप येत नाही, भिंतीला टेकून ते आईचा उंबरा आठवतं... सगळे धवले, सगळ्या ओव्या, आठवून पाहिलं तरी सगळ्यांत हेच. रडायला केवढ्या ओळी केल्यात बायकांनी. पण एखादी गेली आणि रमली — सकाळी उठली आणि तिला बरं वाटलं — तिच्यासाठी एक ओळ नाही कुणी केली? का होत्या तशा बायका, आणि त्या गप्प बसल्या. काय करणार म्हणत तांदूळ निवडत बसल्या?

चौथ्या ओळीला ती थांबली.

"इसारलीस?"

"नाय." तिनं मावशीच्या पायांकडं पाहिलं, मिठागरात भेगाळलेल्या टाचांकडं. "मावशी, यांनी नाय ठेवलं मला तिकडं. मीच ऱ्हायले. मला आवडतंय तिथं. आता... यायची नाय मी राह्यला."

 मांडवात कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. मग मावशीनं पदरानं ओठ पुसले.

"मी पन चौलवरनं हितं आले ना," ती म्हणाली. "पंधरा दिसांत रमले. आयेला कधी सांगितलं नाय. ती मरस्तवर म्हनायची, माजी गिरजा कशी ऱ्हात असंल..." ती हसली की काय, कळलं नाही. पाठ भिंतीला टेकून तिनं डोळे मिटले. "जा. त्या खांबच्या पोरीला हाक मार."

एवढं सोपं होतं? पुतळी उठली. छातीवरचं ओझं उतरायला हवं होतं. ती त्याची वाट बघत दारापर्यंत आली. मांडवाच्या टोकाला प्रणिता पापडांची चादर गोळा करत होती, आणि अजून गुणगुणतच होती, चांगलं, फारच चांगलं, जिथं पुतळीचा श्वास अपुरा पडायचा तिथून ती सहज पुढं जात होती. पुतळी उंबऱ्यावरच थांबली. ती ओळ माझी आहे. ती चाल, ती मुरकी, तो न दिलेला धवला, मावशीची डोलणारी मान... माझी. मला ते पाणी हवं, तो रविवार हवा, आणि इथली ही जागाही माझ्याच नावानं रिकामी राहायला हवी. कुणी रोज संध्याकाळी माझ्यासाठी गात बसायला हवं. म्हणजे इतके दिवस मी जिला अपराध म्हणत होते ती माया होती, की नुसता लोभ?

तिकडं शेडच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी हाक मारते मी, परक्या भाषेत; इथं मांडवाच्या टोकापर्यंत एक नाव तेवढं पोचवायचं होतं.

प्रणितानं चादरीची घडी घातली, वर पाहिलं, दारात उभ्या पुतळीला बघून हसली आणि भुवया उंचावून विचारलं, काय?

पुतळीचं तोंड उघडं होतं. आत, मागं, मावशी वाट बघत होती.