धबधब्याच्या पडद्याची किनार

मी एक जुना पडदा आहे. नाटकाचा नव्हे, आणि दाराखिडकीचा तर मुळीच नव्हे. त्यांच्याशी माझी ऊठबस नाही. मी फोटो स्टुडिओचा पडदा आहे. माझ्यावर उत्तरेकडच्या थंड देशातला एक धबधबा रंगवलेला आहे. दोन्ही बाजूंना उंच सुरूच्या जातीच्या झाडांचे काळेभोर रान, मागे बर्फाचा डोंगर आणि मधोमध उडी घेणारे निळे पाणी. मित्रांनो, आज मला पाहाल तर तुम्ही नाक मुरडाल. खुशाल मुरडा. मीही आयुष्यभर दुसरे काही केलेले नाही.

माझा जन्म जरा लाजिरवाणा आहे, तो आधी उरकून टाकतो. परळच्या एका गिरणीत मी साधे मांजरपाट म्हणून विणला गेलो, आणि तेही डागी माल म्हणून बाजूला पडलो. माझ्या किनारीत दर हातभर अंतरावर एक धागा दुहेरी आला होता. हेरंब पेंटरने असे तीन पट्टे उचलले, शिवून एक केले, सरस आणि खडूचा लेप चढवला आणि एका परदेशी कॅलेंडरावरचा धबधबा माझ्यावर उतरवला. हा हेरंब माथेरानच्या पलीकडे कधी गेला नव्हता. चित्र संपले तेव्हा उजव्या कोपऱ्यात थोडी जागा उरली. ती रिकामी जागा त्याला काही पाहवेना. तिथे त्याने एक केळ काढली, चांगली घडासकट. बर्फाच्या देशात केळ! रंगारी जमातीविषयी माझे मत त्या दिवशी झाले ते आजतागायत बदललेले नाही.

मला डिलाईल रोडवरच्या अण्णांच्या स्टुडिओत टांगण्यात आले. मग सुरू झाली माणसांची रांग. तेलाने चपचपलेले केस, हनुवटीपाशी येऊन संपलेली पावडर आणि अंगात स्टुडिओचा तो एकुलता एक कोट. एका रविवारी तो कोट सात जणांनी घातलेला मी पाहिला आहे. वरळी कोळीवाड्याची काशीबाई तर गळाभर सोने घालून आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पानी बरा हाय, पन मासली नाय दिसत." अशा लोकांना मी माझे पाणी दाखवत होतो! सगळे माझ्यापुढे ताठ उभे राहत, फोटो गावाला पाठवत, आणि गावची मंडळी म्हणे पत्रातून विचारत, तिकडे थंडी फार होती का. त्यात अण्णांचे फोटो काळेपांढरे. माझे निळे पाणी फोटोत भाताच्या पेजेसारखे दिसायचे.

मग १९८२ साल उजाडले आणि गिरण्यांचा संप सुरू झाला. भोंगे थांबले. कोटाची घडी आठवडा आठवडा मोडत नव्हती. मला बरेच वाटले, खरे सांगतो. निदान तेलाचा वास तरी कमी झाला.

संपाला सहा महिने झाले होते तेव्हा लवू आला. तो गिरणीत साचेवाला होता, म्हणजे मागावर कापड विणणारा. बरोबर त्याची बायको सुभद्रा आणि तिच्या कडेवर दोन वर्षांची राधा. लवू दुसऱ्या दिवशी भातलावणीसाठी मालवणकडच्या गावी निघणार होता. संप मिटेपर्यंत तो तिकडे राहणार आणि सुभद्रा इकडे चाळीत खानावळीच्या पोळ्या लाटणार, असे ठरले होते. दोघांचे लग्न गावात झालेले, तिथे कुठला फोटोवाला? गिरणीच्या बिल्ल्यावर नुसता नंबर. लवूचा एकही फोटो घरात नव्हता.

सुभद्रा अण्णांना म्हणाली, "पोर ल्हान आसा. बापाशीक विसरात. एक फोटो होयो."

लवूने कोट चढवला. बाह्या मनगटाच्या वीतभर वर. मी मनात हसलो. अण्णांनी दिवे लावले, तिघांना उभे केले आणि कॅमेऱ्यामागे गेले. "हलू नका. इकडे बघा."

नेमक्या त्या क्षणी लवूने मान वळवली. तो पाठमोरा वाकला आणि माझी खालची किनार त्याने बोटांत धरली. अण्णांचे बटण दाबून झाले होते.

"अहो, हललात ना तुम्ही!"

लवूचे लक्षच नव्हते. "अण्णा, ह्या कापड माझ्या साच्यावरचा! हो बघा दुहेरी धागो. हेच्यापायी मी जॉबर मुकादमाच्या शिव्या खाल्लंय." माझ्या किनारीचा एक धागा तुटून लोंबत होता. साचेवाल्याला तुटका धागा दिसला की त्याचा हात थांबत नाही, आणि लवूचे हात तर सहा महिने रिकामे होते. त्याने बोट जिभेला लावले, धाग्याची दोन टोके जुळवली आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत एवढीशी गाठ मारली. मग तिच्यावरून अंगठा फिरवून एकटाच हसला.

मला संताप आला. माझ्यावर एवढा धबधबा कोसळत असताना या माणसाने काय पाहिले, तर किनार! डागी किनार! एवढी वर्षे झाकून ठेवलेले माझे कुळ त्याने चारचौघांत उघडे केले.

"दुसरा काढू का?" अण्णांनी विचारले.

"काढूया ना," सुभद्रा म्हणाली.

"ऱ्हवांदे गो. संप काय, आज उद्या मिटतलो. मगे ऐटीत काढू," लवू म्हणाला आणि कोट उतरवून खुंटीला लावला.

संप मिटला असे कोणी कधी सांगितलेच नाही. लवू त्याच वर्षी दिवाळीआधी गावीच तापाने वारला.

सुभद्रा तो फोटो घेऊन पुन्हा आली. फोटोत ती होती, राधा होती, केळ होती, आणि कोटाची पाठ होती. "ह्येंचो चेहरो काढून देवा," ती म्हणाली. अण्णांनी फोटो दिव्याखाली धरला. पाठीतून चेहरा कसा काढणार? शेवटी त्यांनी हेरंबला बोलावले. हेरंब म्हणाला, "वहिनी, नाकडोळे सांगा कसे होते ते. मी न बघता काढतो."

सुभद्राने माझ्या उजव्या कोपऱ्याकडे पाहिले. "नको. तुमी न बघता काय काढतास, ता दिसता माका."

हेरंबला बोलणारे कोणीतरी भेटले, याचे त्या दिवशी मला सुख झाले. तिला काय हवे होते आणि ते तिला कधीच मिळणार नव्हते, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

पुढची वर्षे थोडक्यात सांगतो, कारण ती सांगण्यासारखी नाहीत. रंगीत फोटो आले, माझ्या जागी गुळगुळीत निळा कागद आला. अण्णा गेले. त्यांच्या मुलाने, चंदूने, स्टुडिओचे झेरॉक्सचे दुकान केले आणि माझी गुंडाळी करून माळ्यावर टाकली. समोरच्या गिरणीच्या जागी काचेची इमारत उभी राहिली. उंदरांनी माझा बर्फाचा डोंगर खाल्ला. उंदरांना चव नसते.

तीस वर्षांनी एका दुपारी खाली ओळखीचा आवाज आला. सुभद्रा म्हातारी झाली होती. राधा शिकून मोठ्या कंपनीत लागली होती, आणि कंपनीने तिला चार महिने फिनलंडला पाठवले होते. तिच्या हातात दोन फोटो होते, एक जुना आणि एक नवा.

"चंदूदादा, तुमच्याकडे एक पडदा होता. धबधब्याचा. आहे अजून?"

चंदूने मला खाली ओढले. धूळ उडाली. राधा बोलत होती आणि मी कान टवकारले.

"लहानपणी मी आईला विचारायचे, बाबा पाठ करून का उभे आहेत? आई म्हणायची, बाबा धबधबा बघतायत. म्हणून तिकडे गेल्यावर मी ठरवलं, आपणही बघायचा. बस संपली तिथून दोन दिवस चालले. नुसती झाडं, पायाखाली मऊ शेवाळ, आणि डास तर विचारू नका. पाणी दिसायच्या तासभर आधी आवाज येतो. आणि पाणी निळं नाहीच, कोऱ्या चहासारखं आहे."

कोरा चहा! म्हणजे खरा धबधबा माझ्यापेक्षाही गचाळ निघाला. मी सुखावलो.

"मैत्रिणीला म्हटलं, माझा फोटो काढ. मी बाबांसारखीच उभी राहिले, तशीच वाकून, तशीच मान वळवून." राधाने दोन्ही फोटो शेजारी ठेवले. तिचा आवाज बदलला. "आई, तसं उभं राहिलं की धबधबा दिसतच नाही गं. खालची जमीन दिसते फक्त. बाबा काय बघत होते?"

सुभद्रा खाली बसली. तिने माझी किनार हातात घेतली आणि टोकापासून बोटे सरकवत निघाली. एक दुहेरी धागा, दुसरा, तिसरा. मग ती थांबली.

"हय. धबधबो नाय, बाय. ते ह्या बघी होते. ह्या तेंच्या हातचा कापड, आणि ही तेंची गाठ."

राधाने गाठीवर अंगठा ठेवला, अगदी लवूने ठेवला होता तिथेच. ती रडली. चेहरा नाही तर नाही, बापाच्या हाताची एक गाठ तरी तिला मिळाली होती.

चंदू गोंधळून म्हणाला, "मावशी, अख्खा घेऊन जा ना. धबधबा भारी आहे."

"धबधबा नको," राधा म्हणाली. "तो बघून आले मी."

चंदूने कात्री दिली. हातभर किनार कापून त्यांनी रुमालात बांधली आणि नेली.

उरलेला मी आता झेरॉक्सच्या यंत्रावर धूळ बसू नये म्हणून पडून असतो, केळीसकट. ज्या किनारीची मला जन्मभर लाज वाटली, माझ्यात तेवढीच कोणाला तरी हवी होती. लोकांवर हसण्यात हयात घालवली आणि माझ्यापुढे उभ्या राहिलेल्या एका माणसाने मला विणले आहे, ही गोष्ट मी शिवीसारखी मानली. आता मला माझीच किळस येते.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. यंत्रावर मी बरा आहे. तुम्ही आपल्या माणसांना जपा. त्यांच्या हातचे जे काही घरात असेल, ते डागी असले तरी माळ्यावर टाकू नका. आणि फोटो काढताना त्यांच्यापैकी कोणी मान वळवली, तर त्यांना हाताला धरून परत उभे करा आणि तिथल्या तिथे दुसरा काढा. संप मिटायची वाट पाहू नका.