जावईबापूंचा समान न्याय

अक्कल वाटायला निघाली तेव्हा आपण रांगेत पहिले होतो, अशी माझ्या जावयाची पक्की समजूत आहे. धंदा मऊ खेकड्यांचा. खेकड्याने जुनं कवच टाकलं की नवं कडक होईपर्यंत तो सायीसारखा मऊ असतो, आणि हॉटेलवाल्यांना तेवढाच हवा असतो. दोन खेकडे एकत्र ठेवले तर कडक मऊला खाऊन मोकळा होतो. म्हणून शेडमध्ये प्रत्येकाला भोकं पाडलेला वेगळा डबा. हे डबे कॉलेजचे. ते फुकट आले म्हटल्यावर जावयाने आपले जुने लगेच भंगारात घातले.

ते आले माझ्या नातीमुळे, म्हणजे त्याच्याच मुलीमुळे. तिचा अभ्यास या शेडमध्ये चालला होता. कात टाकताना बरेच खेकडे अर्ध्यावरच मरतात.

"आजोबा, कवचातून निघताना अंगातली भट्टी भडकते," तिने मला सांगितलं होतं. "त्या धगीतून असे कण उडतात की आतलंच मांस पोळतं. लोखंड गंजतं ना, तसलाच प्रकार."

"मग सगळेच का मरत नाहीत?"

"ते कण विझवणारी द्रव्यंही अंगातच असतात. पुरली तर जगला, नाहीतर गेला."

ही राखण बाहेरून वाढवता येते का, हे तिला बघायचं होतं. डावीकडच्या रांगेला खाद्यातून शेवाळाची तांबडी पावडर, उजवीकडच्या रांगेला नुसतं खाद्य. पण दोन्ही रांगा सारख्याच जगल्या. रक्त तपासलं, तेही सारखंच. पोरीचं तोंड उतरलं. काम चालू ठेवायचं की गुंडाळायचं, हे ठरवायला तिच्या मॅडम शेडवर आल्या.

जावईबापू इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या पुढे.

"बघा मॅडम, एक तरी मरतुकडा दिसतोय का?"

"तेच तर," मॅडम म्हणाल्या. "फरकच नाही. विषय सोडावा लागेल."

"सोडताय कशाला? मी होतो ना!" याने छाती पुढे काढली. "ही कॉलेजला गेली की उजवीकडच्यांना मी पावडर घालायचो. एकाला खाऊ आणि दुसऱ्याला ठेंगा? माझ्या शेडमध्ये असला दुजाभाव चालत नाही."



"बाबा," नात म्हणाली, "त्यांना द्यायचीच नव्हती. म्हणून तर दोन रांगा होत्या."

"मग सांगायचं होतंस!"

"सांगितलं होतं. तुम्ही फोनवर होतात. मान हलवलीत."

"जावईबापू," मी म्हणालो, "दोन्ही पारड्यांत तुम्हीच बसलात. आता वजन कशाचं करायचं?"

याला अजूनही घोटाळा कळला नव्हता. मुलीच्या कानाशी लागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुला हवे ते आकडे लिही की. खेकडे थोडेच साक्ष द्यायला येणार आहेत?"

नातीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मॅडम, हे सगळं रद्द. पहिल्यापासून मांडते. पण इथे नाही."

"मांड," मॅडम म्हणाल्या. "प्रयोगशाळेतली मागची टाकी रिकामीच आहे."

पोरीने हातमोजे चढवले आणि पहिला डबा उचलला.

"अगं ए, खेकडे माझे आहेत!"

"ठेवा ना, बाबा. डबे कॉलेजचे आहेत."

आता जावईबापूंची पळापळ. खेकडे एकत्र सोडावेत तर कात टाकलेले गेलेच. बादल्या आणल्या, टोपल्या आणल्या, तरी पुरेनात. शेवटी माझ्या लेकीचं स्वयंपाकघर उपसलं. संध्याकाळी ती भात टाकायला गेली तर प्रत्येक पातेल्यात एकेक पाहुणा, नांग्या उगारून बसलेला. चहाचं भांडंही सुटलं नव्हतं. तिच्या तोंडाचा जो पट्टा सुरू झाला तो शेजाऱ्यांनी खिडकीत येऊन ऐकला.

जावई पातेल्यांच्या मधोमध उकिडवा बसला होता, हातात पावडरची पुडी.

"मामा," त्याने मला हळूच विचारलं, "आता यातल्या कोणाला घालू?"

"सगळ्यांना घाला," मी म्हणालो. "दुजाभाव नको."

आणि तो खरंच घालायला लागला.