मंडपातलं भांडवल

मार्गासनीच्या देवळात त्या सकाळी कीर्तन नव्हतं. तरी सभामंडप झाडून काढला होता, सतरंजी अंथरली होती आणि भिंतीवर उजेडाचा एक चौकोन पडला होता. तो स्वरूपच्या प्रोजेक्टरचा. स्वरूप शिवऱ्याचा, हायवेवरच्या हॉटेलवाल्याचा मुलगा आणि प्रेरणा कोकरेच्या कंपनीतला निम्मा भागीदार. उरलेली निम्मी कंपनी म्हणजे खुद्द प्रेरणा. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला धनगरवस्तीवर जन्मलेली, पुण्यात इंजिनिअर झालेली आणि चांगली नोकरी सोडून लोकरीच्या मागं लागलेली.

घोंगडीला गिऱ्हाईक उरलं नाही, म्हणून वस्तीवरची माणसं मेंढरांची कातरलेली लोकर ओढ्यात टाकून देत. प्रेरणानं त्याच लोकरीच्या गाद्या केल्या. खोक्याला आतून लावल्या की पनीर-दही भर उन्हात गार राहतं, थर्माकोल लागत नाही. कल्पना नामी होती. पण पहिल्याच मोठ्या ऑर्डरीत पनीरला मेंढराचा वास लागला आणि सगळा माल आला तसा टेम्पोत बसून परत आला. लोकर धुवायला यंत्र हवं, यंत्राला भांडवल हवं. म्हणून आज पुण्याहून शेफालीमॅडम आल्या होत्या. नव्या कंपन्यांत पैसे घालणं हाच त्यांचा धंदा. त्यांनी नाही म्हटलं, तर स्वरूप पुन्हा नोकरी धरणार होता आणि कंपनीच्या इथल्या शेडला कुलूप लागणार होतं. शेडमध्ये लोकर छताला टेकलेली, पाय ठेवायला जागा नाही, म्हणून बैठक देवळात.

प्रेरणानं वस्तीवरच्या मेंढपाळांनाही बोलावलं होतं. मॅडमना माणसं दिसावीत, एवढाच हेतू. तिचे वडील गेनू कोकरे सगळ्यांना घेऊन आले आणि सतरंजीवर न बसता सरळ तिच्या पाठीमागं ओळीनं उभे राहिले.

"आबा, समोर बसा ना," ती कुजबुजली.

"मंडपात एकटं माणूस उभं राहून बोलाय लागलं तर मागं कोन नगं का?" गेनू म्हणाले. "तू बोल. आमी हाय."

सगळी जन्माची टाळकरी माणसं. खुंटीवरचे टाळ कधी त्यांच्या हातात आले, कुणाला कळलं नाही. त्यांच्यातल्या रोहिदासनं पखवाज गळ्यात अडकवला.

प्रेरणानं सुरुवात केली. मुख्य वाक्य झालं की क्षणभर थांबायचं, असं तिला पुण्यातल्या शिबिरात शिकवलं होतं. "या डोंगरातली लोकर," ती म्हणाली, "दरवर्षी ओढ्याला वाहून जाते." आणि थांबली.

थांबली तसा टाळांचा ठेका पडला आणि मागून धिम्या चालीत आलं, "ओढ्याला वाहून जाते, वाहून जाते."

स्वरूपनं डोळे मिटून घेतले. शेफालीमॅडमचा चहाचा कप वाटेतच थांबला. त्यात त्या बिचाऱ्या टाळकऱ्यांचं काय चुकलं? बोलणारा थांबला की ध्रुपद उचलायचं, त्याला दम घेऊ द्यायचा, हे त्यांच्या अंगातच मुरलेलं. प्रेरणाचे कान तापले. मग तिनं न थांबता भरभर बोलून पाहिलं. पण श्वास तर घ्यावा लागतोच. श्वास घेतला की मागून "थर्माकोल नको रे, थर्माकोल नको."

मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग कप खाली ठेवला.

"वस्तू चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पूर्ण रक्कम द्यायला मी तयार आहे. फक्त शेड इथून चाकणला हलवा, आणि लोकर राजस्थानच्या व्यापाऱ्याकडून घ्या. धुतलेली मिळते, स्वस्त पडते. वासाचा प्रश्नच मिटला."

स्वरूपचा चेहरा उजळला. नुसतं हो म्हणायचं बाकी होतं. प्रेरणानं तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. हिशोब बरोबर होता. पण हा हिशोब ती ज्यांच्यासाठी मांडत आली होती, ती माणसं तिच्या पाठीशी उभी होती.

गेनूंना वाटलं, पोरगी चरण विसरली. बुवा अडला तर त्याला उघडं पडू द्यायचं नसतं. त्यांनी नाम धरलं, "रामकृष्णहरी." मागोमाग सगळ्यांनी उचललं. घाई नाही, गडबड नाही. तू हवा तेवढा वेळ घे, आम्ही चाल सोडत नाही, असा तो ठेका. त्या नामाच्या आडोशाला प्रेरणाला विचार करायला जागा मिळाली. भीती होतीच, पण त्या भीतीच्या शेजारी आता धीरही येऊन बसला होता.

तिनं हात वर केला. टाळ थांबले.

"मॅडम, निम्मेच द्या," ती म्हणाली. "शेड हितंच राहील. आमची लोकर राठ आहे, दाबली तरी पुन्हा फुगते, राजस्थानच्या मऊ लोकरीची गादी मालाच्या चार फेऱ्यांत बसते. निम्म्या पैशांत नवं यंत्र येणार नाही, जुनं शोधू. पुढच्या कातरणीपर्यंत वास गेला नाही, तर त्या व्यापाऱ्याला मी स्वतः फोन करीन. आबांच्या देखत."

स्वरूप तिच्याकडे बघतच राहिला. पूर्ण रक्कम समोर असताना निम्मी मागणारी बाई त्यानं पहिल्यांदाच पाहिली असावी.

"बुडालात तर?" मॅडमनी विचारलं.

"बुडू शकतो," प्रेरणा म्हणाली. "तुमचे पैसे जातील, आमची दोन वर्षं जातील. ते नाही म्हणत नाही मी."

तेवढ्यात मागून गेनूंनी घसा खाकरला. "पर पोरी, वास कसला म्हनतीस?"

"लोकरीचा, आबा. मेंढराचा."

"मेंढराला वास असतोय व्हय?" त्यांनी रोहिदासकडं पाहिलं. रोहिदासनं प्रेरणानं नमुन्याला आणलेला गादीचा तुकडा उचलून नाकाला लावला, मन लावून हुंगला आणि मान हलवली. "कायबी न्हाई." तुकडा ओळीनं फिरला. एकालाही वास आला नाही. शेवटी तो शेफालीमॅडमच्या हाती आला. त्यांनी हुंगला मात्र, आणि नाकाला पदर लावून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं.

"आता कळलं तुमची ऑर्डर का परत आली," त्या म्हणाल्या. "या अख्ख्या कंपनीत नाक असलेलं माणूसच नाही." डोळे पुसून त्यांनी स्वरूपकडं वळून पाहिलं. "आणि तुम्ही?"

"मला पहिले दोन महिने यायचा," स्वरूप ओशाळून म्हणाला. "मग सवय झाली."

"निम्मे देते. पण माल बाहेर पडण्याआधी दर महिन्याला मी येऊन वास घेणार. मला सवय व्हायला लागली की दुसरं कुणी पाठवीन."

प्रेरणानं हात जोडले.

मॅडमची गाडी नसरापूरच्या रस्त्याला लागली. स्वरूप प्रोजेक्टरची वायर गुंडाळत म्हणाला, "जुनं यंत्र कुठं मिळतं, माहितंय तुला?"

"नाही."

"मग बोललीस कशी?"

"आधी बोलले. आता शोधायचं."

तोवर टाळकऱ्यांनी टाळ खुंटीला लावले आणि कीर्तन संपल्यावरच्या रिवाजाप्रमाणं एकेक जण पुढं येऊन प्रेरणाच्या पाया पडू लागला. रोहिदासनंतर गेनूही वाकले. ती दचकून मागं सरकली. "आबा, काय हे, मी मुलगी तुमची."

"तुजं पाय कुठं धरतोय, कीर्तनाच्या जागंला नमस्कार हाय," गेनू फरशीवर, ती उभी होती तिथं हात लावून म्हणाले. "सरक जरा."