न टोचलेलं इंजेक्शन

मित्रांनो, मी एक जुनी काचेची सिरिंज आहे. दंड लपवू नका, माझी सुई केव्हाच गंजून गेली. आता वेल्ह्याच्या नर्स कमळाबाईंच्या कपाटात, स्टीलच्या डबीत पडून असते.

जन्म कारखान्यात झाला, पण आयुष्य गेलं उकळत्या पाण्यात. मला पाहिलं की गावातली पोरं भोकाड पसरायची. माझी वाट पाहणारं असं कुणी नव्हतंच, एक गीताबाई सोडली तर.

१९७१ साली पासलीची गीताबाई पहिलटकरीण होती. सहाव्या महिन्यात तिच्या पायात रक्ताची गाठ झाली. ती छातीकडे सरकली तर जिवावर बेतेल, म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी इंजेक्शनं सांगितली, दिवसातून दोनदा. पासलीत टोचणार कोण? म्हणून ती सासूला, फुलाबाईंना घेऊन वेल्ह्यात खोली करून राहिली. कमळाबाई मला भरायच्या तेव्हा ती माहेरच्या गोष्टी काढायची. माहेरी, गुंजवण्याला, आईनं नव्या सुंभानं बाळंतिणीची बाज विणून ठेवली होती. तिला त्याच बाजेवर निजायचं होतं.

भोरचे डॉक्टर म्हणाले होते, "औषध अंगात असताना बाळंत झालीस, तर रक्त लवकर थांबायचं नाही. तारीख ठरवू. आदल्या दिवशी इंजेक्शन बंद करू आणि सलाईनमधून औषध देऊन कळा आणू."

फुलाबाई फणकारल्या, "फळ पिकलं की आपसूक गळतं, झाड कशाला हलवायचं? कळा आल्या की सुई बंद करू अन् गुंजवण्याला जाऊ."

गीताबाईचंही मन तिकडंच होतं. बाई एवढंच म्हणाल्या, "मग पहिली कळ आली की आधी मला सांगायचं."

नववा लागला. एका सकाळी मी भरलेली, सुई मांडीला टेकणार, तोच बाईंचा हात थांबला. गीताबाईनं पदराचा पिळा मुठीत आवळला होता.

"कळ आली का गं?"

"न्हाई."

"गीता, माझ्याकडं बघ."

"पहाटेपासनं येत्यात," ती रडू लागली. "कळा चार कानांवर गेल्या की बाळंतपण अडतं, म्हणून आत्या म्हणल्या, बोलू नगं."

फुलाबाईंचा चेहरा उतरला. "म्या तिच्या भल्यासाठीच म्हणलं, बाई."

बाईंनी माझ्यातलं औषध ओतून टाकलं. दुपारपर्यंत कळा थांबल्या, पोकळच होत्या. फुलाबाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. गीताबाई मात्र माझ्याकडं बघत बसली.

"आत्या, खऱ्या असत्या तर?" ती म्हणाली. "भ्या वाटलं तर म्या पुन्हा लपवीन. बाई, तारीख घ्या. ऱ्हाऊ द्या ती बाज."

तीन आठवड्यांनी ती भोरला गेली. आदल्या सकाळचं शेवटचं इंजेक्शन मीच दिलं. मग निरोप आला: मुलगी झाली, दोघी सुखरूप. तिच्या आईनं ती बाज एसटीच्या टपावर टाकून भोरला आणली होती म्हणे. दवाखान्यात जागा नव्हती, म्हणून व्हरांड्यात उभी करून ठेवली.

पुढची इंजेक्शनं तिला भोरलाच मिळाली. ती परत आली नाही. पाय बरा झाल्यावर माझ्याकडं येईल तरी कशाला? मला तिची फार आठवण येते, आणि तिनं येऊ नये असंही वाटतं.

पुढं प्लास्टिकच्या सिरिंज आल्या नि मी डबीत गेले. हजारो जणांना टोचलं, पण अभिमान वाटतो तो मी कुणाला टोचलं नाही त्या सकाळचा. मित्रांनो, दुखलं तर लपवू नका. चार कानांची भीती वाटत असेल, तर दोनच कान शोधा. कमळाबाईंचे दोन पुरले होते.